वेदिकाच्या कामाची वायर

नामपूर,
१२ जून २००५

चिमाजीराव पाहुणे, रामराम.

दुकानात फोन असताना व्याही पत्र का लिहितोय, असं तुमच्या मनात येईल. कारण एवढंच की तुमच्या घरचा फोन लागत नाही. आठवडाभर मी पेंडीच्या गिऱ्हाइकांतून वेळ काढून नंबर फिरवतोय आणि दर वेळी एंगेज. आधी वेदिकाची आई मैना म्हणाली, रिसीव्हर नीट ठेवला नसेल. मग तिलाच धास्ती वाटायला लागली, घरात कुणाचं आजारपण तर नाही ना.

मागे वेदिका बोलली होती की अंबडची नोकरी सोडल्यापासून तिने पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून धरलंय. मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढायची आणि पाठवून द्यायची. ओम लहान आहे, त्याच्याजवळ राहून तिचं शिक्षणही कामी येतंय, याचा आम्हाला आनंद आहे. इथे कुणाला सांगायला गेलं तर समजत नाही. लेक सासरी घरात बसून कंपनीचं काम करते म्हणजे नक्की काय करते, असं विचारतात. तुम्ही आणि विहीणबाईंनी तिला मोकळीक दिली, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

दोन ओळी टाका म्हणजे मैनाचा जीव भांड्यात पडेल. जावई संतोषरावांना आशीर्वाद, ओमला पापा.

तुमचा,
गेणू भामरे


सिडको, नाशिक,
१८ जून २००५

गेणूभाऊ, सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. फोन एंगेज लागतो तो वेदिकाच्या इंटरनेटमुळे. ते फोनच्याच तारेवरून चालतं आणि चालू असेपर्यंत फोन अडकून राहतो. एक ड्रॉइंग पुण्याला पोचायला अर्धी सकाळ जाते, मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. कंपनीने तिला सांगितलंय, दिवाळीपर्यंत बघू, काम वेळेवर येत राहिलं तर कायमचं देऊ. त्यामुळे घरात जलद इंटरनेट घ्यायचं ठरलं.

त्याला दोन रस्ते आहेत. एक आमच्या कॉलनीचा केबलवाला सोमा. टीव्हीच्या केबलसारखीच वायर गच्चीवरून आणून देतो. शेजारच्या घरांत त्याची चालू आहे. दुसरा रस्ता टेलिफोनवाल्यांचं ब्रॉडबँड, त्याला डीएसएल म्हणतात. तार आपल्या फोनचीच, पण इंटरनेट चालू असताना फोनही मोकळा राहतो. मात्र त्याला नंबर लावावा लागतो.

वेदिकाचं म्हणणं केबल घ्यावी. म्हणाली, "आबा, सोमा परवा जोडून देतो. बंद पडलं तर हाक मारली की येतो. टेलिफोनवाल्यांची वाट बघण्यात माझी दिवाळी येईल." मी विचारलं, "आणि लोडशेडिंगचं काय? सोमाचं मशीन कुणाच्या तरी जिन्याखाली टांगलेलं. तिथली लाइट गेली की तुझं इंटरनेट गेलं. टेलिफोनला त्यांच्या स्वतःच्या बॅटऱ्या असतात." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये माझी सगळी नोकरी झाली, लाइट कशी जाते ते मला कुणी शिकवायला नको.

सोमा स्वतः येऊन गेला. "काका, महिनाभर वापरून बघा, नाही पटलं तर वायर काढून नेतो," म्हणाला. मी त्याला घेऊन गच्चीवर गेलो आणि शेजारच्या टाकीला बांधलेली त्याची वायर दाखवली. म्हटलं, "ही इंटरनेटची वायर आहे की धुणं वाळत घालायची दोरी?" खाली उभे असलेले लोक हसले. त्याने वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि गेला. अशांना वेळीच तोडलेलं बरं.

डीएसएलचा नंबर लावला आहे. मैनाताईंना सांगा, काळजीचं कारण नाही.

तुमचा,
चिमाजी पाळदे


नामपूर,
३० ऑगस्ट २००५

चिमाजीराव पाहुणे, रामराम.

तुमचं नवं इंटरनेट आल्याचं वेदिकाकडून कळलं. आता फोन पहिल्या झटक्याला लागतो, त्याचं मला कोण कौतुक वाटतं. पण परवा एक गोष्ट घडली, ती मनात राहिली आहे.

मी सकाळी दुकान उघडल्यावर फोन केला. वेदिकाने उचलला आणि म्हणाली, "दादा, सकाळचा फोन करत जाऊ नका." मी विचारलं, का गं, काही चुकलं का? "काही नाही, कामाची वेळ असते," एवढं बोलून तिने ठेवून दिला. मुलगी कधी अशी बोलली नव्हती. मैना शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आंडेर गप्प शे. काय व्हयनं ते इचारा." आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पाहुणे, माहेरचे फोन फार यायला लागले तर सासरी त्रास होतो, हे मी समजू शकतो. तुम्हाला किंवा विहीणबाईंना माझ्या फोनची अडचण होत असेल तर मोकळेपणाने सांगा. मी आठवड्यातून एकदाच करेन, तोही संध्याकाळी. राग मानणार नाही.

तुमचा,
गेणू भामरे


सिडको, नाशिक,
१० सप्टेंबर २००५

गेणूभाऊ, नमस्कार.

तुमच्या फोनची आम्हाला कसली अडचण? वेदिका तसं बोलली ते इंटरनेटच्या त्रासामुळे. नवं कनेक्शन पहिला आठवडा बरं चाललं, मग तुटायला लागलं. ड्रॉइंग निम्मं पोचतं आणि मॉडेमवरचा दिवा विझतो. ती पुन्हा पाठवते, पुन्हा विझतो. पुण्याहून दोनदा विचारणा झाली. टेलिफोनचा माणूस येऊन बघून गेला, बाहेरची तार चांगली आहे म्हणाला.

मी स्वतः शोध घेतला आणि कारण सापडलं. सोमा. त्याची वायर आमच्या गच्चीच्या पाइपावरून पुढच्या गल्लीत जाते, आमच्या टेलिफोनच्या तारेला अगदी खेटून. मागच्या सोमवारी तो तिथे पक्कड घेऊन बसलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. विचारलं तर म्हणतो, "काका, माझीच गाठ आवळतोय." जूनमध्ये मी त्याला चार शब्द सुनावले होते, त्याचा तो वचपा काढतोय. मी कॉलनीतल्या लोकांना गोळा करून हे सांगितलं आणि चौकीवर जाऊन तक्रारही दिली. त्याला बोलावून दिवसभर बसवून ठेवलं होतं. आता त्याची वायर आमच्या गच्चीवरून काढायला लावली आहे. पुष्कळ घरांनी त्याचं कनेक्शनही सोडलं.

दुःख एवढंच की घरच्या माणसाची साथ नाही. इंटरनेट वापरणारी वेदिका, म्हणून तक्रारीवर तिची सही पाहिजे होती. ती म्हणाली, "आबा, मी त्याला तार तोडताना बघितलं नाही, मी सही करणार नाही." चौकीत हवालदारासमोर माझी मान खाली गेली. मी हेकट असेन, पण माझा हेकटपणा घराच्या भल्यासाठी असतो. तुमचं ती ऐकते. तिला दोन शब्द समजावून सांगा.

तुमचा,
चिमाजी पाळदे


नामपूर,
१९ सप्टेंबर २००५

चिमाजीराव पाहुणे, रामराम.

तुमच्या पत्रातला 'हेकट' हा शब्द वाचला आणि मी पत्र मिटून गल्ल्यात ठेवलं. तो शब्द माझा आहे. मागच्या महिन्यात वेदिकाशी फोनवर बोलताना मी म्हणालो होतो, "तुझे सासरे जरा हेकट आहेत, सांभाळून घेत जा." बाप लेकीला समजावताना बोलतो तसा बोललो, मनात काही वाकडं नव्हतं. पण ते तुमच्या कानापर्यंत गेलं. व्याह्याच्या तोंडून स्वतःबद्दल असं ऐकायला लागावं, याची मला फार लाज वाटते. मोठ्या मनाने माफ करा.

वेदिकालाही मी सोडलं नाही. रविवारी संध्याकाळी फोन करून विचारलं, "बापाने विश्वासाने सांगितलेलं तू सासऱ्याला जाऊन सांगितलंस? हेच शिकवलं का आम्ही?" ती म्हणाली, "दादा, मी नाही सांगितलं." मी म्हटलं, मग काय भिंतींनी सांगितलं? त्यावर ती अगदी हळू म्हणाली, "बरं दादा, माझं चुकलं. ठेवते." चूक कबूल केली, तेव्हा मी पुढे ताणलं नाही.

सहीबद्दलही बोललो. मोठी माणसं सांगतात ते विचार करूनच सांगतात, असं म्हटलं. "तुम्ही यात पडू नका," एवढंच उत्तर आलं. तिच्या वतीने मी तुमची क्षमा मागतो.

तुमचा,
गेणू भामरे


सिडको, नाशिक,
२६ सप्टेंबर २००५

गेणूभाऊ, नमस्कार.

पत्र पोचलं. त्या शब्दाचं काही मनावर घेऊ नका, मी घेतलेलं नाही. वेदिकालाही त्यावरून आणखी बोलू नये असं मला वाटतं. झालं ते झालं. सहीचा विषयही मी सोडला आहे.

इथे पाऊस उघडला. ओमला सर्दी होती, आता बरी आहे.

चिमाजी पाळदे


नामपूर,
१४ नोव्हेंबर २००५

चिमाजीराव पाहुणे, रामराम.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. वेदिका आणि ओम आल्यापासून घर भरलंय. पण आता जायचं कधी, हे ती बोलत नाही. आम्ही विचारायला कचरतो. लेकीला तू कधी जाणार असं कसं विचारायचं?

काल मी विचारलं, पुण्याच्या कामाचं काय झालं? तुळशीची पानं खुडत होती. म्हणाली, "त्यांनी दुसऱ्या मुलीला दिलं. माझं वेळेवर जात नव्हतं." आवाजात काहीच नव्हतं. शाळेत असताना भूमितीची वही जराशी खराब झाली तरी रडणारी पोरगी, ती हे असं भाजीचा भाव सांगावा तसं सांगते, ते मला बघवलं नाही. संतोषरावांचं आणि तिचं भांडण नसावं, ते दर दोन दिवसांनी फोन करतात आणि दोघं नीट बोलतात. मग घरात झालं काय?

माझ्याशी तर ती सप्टेंबरपासून मोजकंच बोलते. विचारलेल्याचं उत्तर देते आणि उठून जाते. मी तिला लागट बोललो होतो हे खरं, पण दोन महिने झाले त्याला.

तुम्ही घरातले मोठे. तुम्हाला ठाऊक असेल तर मला सांगा. फोनवर नको, ती इथेच असते.

तुमचा,
गेणू भामरे


सिडको, नाशिक,
२२ नोव्हेंबर २००५

गेणूभाऊ,

हे पत्र मी आधी दोनदा लिहून फाडलं. आता जसं घडलं तसं सांगतो. वाचून तुम्ही मला जे म्हणाल ते मी ऐकून घेईन.

माझ्या खोलीत पूर्वीपासून त्याच तारेवरचा दुसरा, पॅरलल फोन होता. डीएसएल बसवायला माणूस आला तेव्हा त्याने विचारलं, घरात दुसरा फोन आहे का? असेल तर त्यालाही एक छोटी डबी लावावी लागते, नाहीतर तो वाजला किंवा उचलला की इंटरनेट तुटतं. मी सांगितलं, दुसरा फोन आता बंद केलाय. घरातल्यांनाही तेच सांगितलं. तो माणूस गेल्यावर मी माझ्या हाताने तार पुन्हा जोडली. डबी मागायला गेलो असतो तर दुसरा फोन चालू आहे हे सगळ्यांना कळलं असतं. मी म्हटलं, डबीबिबी काही लागत नाही, मला तारेतलं कळतं. फोन कोनाड्यात ठेवला आणि वरून टॉवेल टाकला.

फोन कशाला पाहिजे होता, ते लिहायला हात जड होतो. मी त्यावरून ऐकत होतो. वेदिका तुमच्याशी बोलायची ते, आमची कलाबाई तिच्या बहिणीशी बोलायची ते, संतोषचंही. पहिल्यांदा चुकून ऐकलं. मग सवय लागली. नोकरीत असताना सगळ्या प्लांटची बोलणी माझ्या टेबलावरच्या फोनवर यायची, माझ्या कानावर आल्याशिवाय काही हलत नसे. रिटायर झालो आणि घरातलं बोलणं मी आलो की थांबायला लागलं. माझ्याबद्दल काय बोलतात ते कळावं असं वाटायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. कारण काय होतं ते सांगतो.

'हेकट' हा शब्द मी असाच ऐकला. राग आला म्हणून पत्रात लिहून बसलो. वेदिकाने मला काहीही सांगितलं नव्हतं. तुम्ही तिला बोललात हे तुमच्या पत्रात वाचलं, तेव्हाच मी दोन ओळी लिहून तिला सोडवू शकलो असतो. मी तुम्हाला ओमच्या सर्दीचं लिहिलं.

इंटरनेट का तुटतं हे मात्र तोपर्यंत मला खरंच उमगलं नव्हतं. मागच्या गुरुवारी संतोष कॉम्प्युटरवर बसला होता आणि हॉलमधल्या फोनवर वेदिकाशी बोलत होता. मी माझ्या खोलीत फोन उचलला. बाहेरून संतोष म्हणाला, "गेलं परत." फोन ठेवून झाल्यावर तो कलाबाईला म्हणाला, "आई, सोमाची वायर तर काढून टाकली. आता कोण तोडतंय?"

तो कामावर गेल्यावर मी मॉडेम दारातून दिसेल असा फिरवला आणि खोलीतला फोन उचलला. दिवा विझला. ठेवला, थोड्या वेळाने लागला. पुन्हा उचलला, पुन्हा विझला. मागे वळून बघतो तर कलाबाई दारात. मी म्हटलं, "हे बघ, हा फोन..." ती म्हणाली, "मला माहीत आहे. टॉवेल धुवायला मीच नेते ना."

मी विचारलं, "वेदिकाला?"

"तिला व्याह्यांचा फोन आला त्या रविवारी समजलं. त्या शब्दावरून. माझ्याजवळ येऊन रडली. मी म्हटलं, सांग त्यांना तोंडावर. ती म्हणाली, आई, इंटरनेट ह्या फोनमुळे तुटतं असं म्हटलं तर फोन कशासाठी ठेवला हेही निघेल. संतोषसमोर आबांचं काय राहील? मग एकटीच सोमाच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या, लताबाईच्या पाया पडून आली. चौकीतही सांगून आली, की सोमाचा काही संबंध नाही."

"आणि तू का नाही बोललीस?"

"तुमच्याशी बोलायची सोय कुठे असते?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

मी फोन काढून टाकला आहे. त्याने काय होणार? पोरीचं काम गेलं, त्या सोमाचा धंदा बसला आणि तुमच्या-तिच्यात अंतर पडलं. या तिन्हीतली एकही गोष्ट तिच्याकडून झालेली नाही. तुम्ही तिला एवढं सांगा, की ती खरं बोलत होती.

चिमाजी पाळदे


नामपूर,
३० नोव्हेंबर २००५

चिमाजीराव,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. लेकीशी बोललेला शब्द न् शब्द आठवायला लागला, आजवर काय काय बोललो असेन म्हणून. तिच्या आईचं दुखणं, आमच्या घरातली कुरबुर, सगळं. हे मी लपवत नाही. पण राग फार टिकला नाही. तुम्ही फोनवर ऐकलंत, मी तर पोरीने समोर सांगितलेलं ऐकलं नाही.

संध्याकाळी ती ओट्यावर ओमला भरवत होती. मी जाऊन बसलो. म्हटलं, "वेदिका, तू नव्हतं सांगितलंस. मला कळलं." ती घास हातात धरून थांबली. मी म्हटलं, "तू चुकलं म्हणालीस ते कशाला? न केलेल्याचं?" ती म्हणाली, "दादा, मी भांडले असते तर तुम्ही विचारलं असतं, मग कुणी सांगितलं. ते सांगितल्यावर तुम्ही आबांच्या घरी पाणी तरी प्यायला असतात का? मला दोन्ही घरं पाहिजेत." मैना आतून ऐकत होती, तिने बाहेर येऊन ओमला उचललं. मग वेदिका रडली. सप्टेंबरपासूनचं सगळं रडली. मी नुसता बसून होतो, दुसरं काय करणार.

आता तिचं म्हणणं लिहितो, तिच्याच शब्दांत. ती येणार आहे. पण आधी सोमाचं नाव तुम्ही स्वतः, ज्या ज्या ठिकाणी घेतलंत त्या त्या ठिकाणी जाऊन, साफ करायचं. ती चौकीत जाऊन आली, पण लोक म्हणतात, सून सासऱ्याविरुद्ध गेली. त्याने सोमाचं काही भरून आलं नाही.

आणि दुसरं, घरात इंटरनेट केबलचंच घ्यायचं, सोमाने दिलं तर. मी म्हटलं, आता डीएसएल नीट चालेल की, दोष तर सापडला. लोडशेडिंगमध्ये केबल जाते हे तुझे सासरे बरोबरच सांगत होते. ती म्हणाली, "लाइट जायची वेळ ठरलेली असते दादा, मी तेवढं सांभाळून घेईन. फोन घरातल्या सगळ्यांचा राहू दे. माझ्या कामाची वायर वेगळी असू दे." पुण्याच्या कंपनीला तिने पुन्हा लिहिलंय. नव्या वर्षात थोडं थोडं काम देऊ, बघू, असं त्यांचं उत्तर आहे.

मी तुम्हाला कठोर बोलणार होतो, पण माझ्याकडे तेवढी जागा राहिलेली नाही.

गेणू भामरे


सिडको, नाशिक,
१८ डिसेंबर २००५

गेणूभाऊ, नमस्कार.

वेदिका आणि ओम शुक्रवारी सुखरूप पोचले. मैनाताईंनी दिलेल्या सांडग्या-पापडांचा डबा कलाबाईने तिच्यासमोरच उघडला. तिच्या येण्याआधी जे झालं ते तुम्हाला कळवायला पाहिजे.

चौकीतलं काम सोपं गेलं. हवालदार म्हणाला, "बरं, लिहून द्या," आणि माझ्याकडे न बघता चहा पीत राहिला. मारुतीच्या देवळात रविवारी कॉलनीची माणसं जमतात, तिथे जड गेलं. मी उभा राहून सांगितलं, की सोमाने आमची तार तोडली नव्हती. आमच्याच घरात एक जादा फोन जोडलेला होता, त्याने इंटरनेट तुटत होतं, ती जोडणी माझी. एवढं सांगून मी बसणार होतो. खरं सांगतो, तेवढंच सांगायचं ठरवून गेलो होतो. सोमाची आई लताबाई मागे बायकांत बसली होती. तिने विचारलं, "पण घरात दोन फोन कशाला लागतात हो माणसाला?"

भांडायच्या आवाजात नव्हतं विचारलं. मला दोन शब्दांत टाळता आलं असतं. संतोष माझ्या शेजारी उभा होता, त्याला तोवर काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "घरातले फोनवर काय बोलतात ते ऐकायला." एक-दोघं हसले, मग कुणीच हसलं नाही. संतोष खाली बघत राहिला. घरी जाताना आम्ही दोघं एकत्र चाललो. तो अजूनही कामापुरतंच बोलतो.

सोमा देवळात आला नव्हता, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. तो दारातच उभा होता. म्हणाला, "काका, इथे हळू बोलताय. चौकीत माझं नाव सांगताना हळू नव्हता बोललात." मी म्हटलं, "देवळात मोठ्याने सांगून आलोय." तो म्हणाला, "आई सांगत होती. पण माझी गिऱ्हाइकं देवळातून परत नाही येणार. ती पलीकडच्या केबलवाल्याकडे गेली." मी केबलचं विचारलं. म्हणाला, "तुमच्यासाठी नाही जोडणार. वेदिकाताईंनी सांगितलं तर जोडतो." मी तिथून निघालो.

काल वेदिकाने बोलावलं आणि तो आला. तिच्याशी नीट बोलला, कॉम्प्युटर कुठे ठेवणार, वायर कुठून आणू, सगळं तिला विचारून केलं. कलाबाईने चहा ठेवला, तो प्यायला. मी अंगणात होतो. वायर खिडकीतून घ्यायची होती, शिडी जरा डुगडुगत होती. त्याने वरून हाक मारली, "काका, शिडी धरा." मी धरली. त्यातून मी काही अर्थ काढत नाही. तो सगळ्याच म्हाताऱ्यांना काका म्हणतो.

आज सकाळी तिने एक ड्रॉइंग पाठवून बघितलं. दुपारी लाइट गेली आणि ते बंद पडलं, माझ्या तोंडावर आलं होतं की मी सांगितलं होतं. बोललो नाही. ती उठून ओमला घेऊन झोपली, लाइट आल्यावर पुन्हा बसली.

हॉलमधला फोन वाजला की मी आता उठून बाहेर ओट्यावर जातो. काल संतोषच्या मावशीचा होता, आज तुमचा. वेदिका म्हणाली, "आबा, बसा ना, दादांचाच आहे." मला बसवत नाही. तिथे बसून तिच्या तोंडाकडे बघणं मला अजून जमत नाही.

तुम्ही फोन करत जा, सकाळी करा, केव्हाही करा. मी बाहेर असेन. कधी माझ्याशी बोलावंसं वाटलं तर तिला सांगा, ती हाक मारील. मी येईन.

तुमचा,
चिमाजी पाळदे